हरणांसाठी झाडलेली वाट

ती घटना आठवली की आजही माझी मान खाली जाते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, एकदा तर कुऱ्हाडीचा दांडा खांद्यावर झेलला. त्या हकिकती सांगताना माझा आवाज चढतो. निवृत्त पोलिसाचा हा दोषच आहे आणि घरची मंडळी तो निमूट सोसतात. ही हकीकत मात्र मी घरातही कधी पुरती सांगितलेली नाही. हिच्यात खून नाही, दरोडा नाही. एका पारध्यावर चोरीने हरणं मारल्याचा आळ आला आणि त्याला सोडवायला एका भल्या माणसाचं एक खरं वाक्य पुरेसं होतं. एवढीच ती केस.

दुसरं महायुद्ध सुरू होण्याच्या थोडं आधी मी निपाणी आणि चिकोडीच्या मधल्या एका लहान ठाण्यावर फौजदार होतो. आमची हद्द एका ओढ्यापाशी संपत असे. ओढ्याच्या अलीकडे इंग्रजी मुलूख, पलीकडे एक संस्थान. संस्थानिकांना शिकारीचा नाद, म्हणून पलीकडचा सगळा माळ काळविटांसाठी राखून ठेवलेला. त्या माळावर कुणी हरणाला हात लावला तर तिथे सरळ तुरुंग. पण हरणांना हद्द कोण समजावणार? दिवसभर ती संस्थानात चरायची आणि दिवस कलला की ओढा ओलांडून आमच्या बाजूच्या जोंधळ्यात शिरायची.

हरणांचा त्रास ज्याने भोगला नाही त्याला तो खरा वाटत नाही. मी उचगावचा, शेतकऱ्याच्या घरातला, तरी मलाही आधी वाटायचं की हरीण खाऊन खाऊन खाणार किती? पण कळप पिकात शिरला की कोवळे शेंडे तेवढे खुडतो आणि बाकीचं तुडवून जातो. सकाळी शेतकरी बांधावर येतो तेव्हा उभ्या पिकाचं अंथरूण झालेलं असतं. लोक रानातल्या उंच माळ्यावर बसून गोफणी फिरवायचे, रॉकेलचे डबे बडवायचे. बंदुकीचा परवाना मागितला तर वरून नकार यायचा, कारण वरच्या साहेबांना नाताळात त्याच संस्थानात शिकारीचं आमंत्रण असायचं. मग लोकांनी आपापल्या परीने तोड काढली. निपाणी भाग तंबाखूचा, आणि तंबाखूला हरीण तोंड लावत नाही. ओढ्याकाठच्या त्या गावात जो तो तंबाखू लावू लागला. लावली नाही ती एकट्या अण्णांनी.

सगळं गाव त्यांना अण्णा म्हणत असे, मीही तेच म्हणतो. साठीकडे झुकलेले जैन शेतकरी. गावच्या बस्तीचे, म्हणजे त्यांच्या देवळाचे, पंच. पाणी गाळून पिणार, दिवस मावळायच्या आत जेवणार, नांगराखाली गांडूळ आलं तरी हळहळणार. तंबाखू हे विष, ते आपल्या हाताने लावायचं नाही, हा त्यांचा नेम. त्यामुळे साऱ्या शिवारात हरणांना खाण्यासारखं उरलं ते त्यांच्याच रानात, आणि कळपच्या कळप तिकडे वळला. गावातले काही जण त्यांची चेष्टा करत, पण त्यांच्या पाठीमागे. तोंडावर कुणाची हिंमत नव्हती. एवढं नुकसान सोसून त्यांनी हरणाला कधी खडा मारला नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

भादव्यातली उघडीप होती. मी आणि आमचे जमादार मुद्देमालाची खोली आवरत होतो. पावसाळ्यात त्या खोलीतल्या काठ्याकुऱ्हाडींवर बुरशी चढते आणि चिठ्ठ्या सुटून पडतात, मग कुठली कुऱ्हाड कुठल्या भांडणातली हे ओळखणं म्हणजे डोक्याला ताप. तेवढ्यात अण्णा पायी चालत आले. मी लगबगीने खुर्ची दिली, चहा सांगितला.

"च्या नको सायेब, दिवस मावळाय आला," ते म्हणाले. मग बराच वेळ उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळत बसले. "एक पाप चाललंय. गावच्या गायरानात एक पारधी उतरलाय. हरणं मारतोय. आमच्या हिनं कातडी बघितली डोळ्यांनी. तवापास्नं तिच्या घशाखाली घास उतरंना."

"तुम्ही बघितलं का?"

"मी कशाला बघू? तेवढं त्यास्नी हितनं हलवा. मुक्या जिवांचं बघवत न्हाय."

ते गेल्यावर मी शिपायांना म्हटलं की बघा, माणूस असा असावा. ज्या हरणांनी याचं रान खाल्लं त्यांच्यासाठी हा पायपीट करत आला. हे मी मोठ्या कौतुकाने म्हटलं होतं. जमादार कुऱ्हाडींना चिठ्ठ्या बांधत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गायरानात गेलो. एक फाटकं पाल, तीन दगडांची चूल, पारधी आणि त्याची बायको. पालाच्या मागे कातडी ताणून लावलेली होती, दोरीवर मांसाच्या पट्ट्या वाळत होत्या आणि खुंट्यांसकट फाशांचा जुडगा उघड्यावरच पडला होता. लपवाछपवी कसलीच नाही. चोर असा बसत नाही, हे मला तिथेच जाणवायला हवं होतं असं नंतर कुणी म्हणेल. मला ते जाणवलंही. पण पारधी म्हणजे त्या काळी कायद्यानेच जन्मापासून संशयित. ज्या गावी जाईल तिथे पाटलाकडे त्याने हजेरी द्यायची, आणि हजेरी देऊनही गावात काही गेलं तर पहिली काठी त्याच्याच पाठीत. मी मुद्देमालाचा पंचनामा केला आणि त्याला ठाण्यात आणलं. त्याची बायको ठाण्याबाहेरच्या चिंचेखाली येऊन बसली.

माझ्या मते प्रकरण तिथेच मिटायचं होतं. समज द्यायची आणि पाल दुसरीकडे हलवायला सांगायचं. पण बातमी ओढ्यापलीकडे पोचली. दुपारपर्यंत संस्थानच्या शिकारखान्याचे कारभारी घोड्यावरून हजर. फेटा एवढा कडक की मान वळवताना सगळं अंग वळायचं.

"ही आमच्या कुरणातली हरणं आहेत," ते म्हणाले. "माणूस आमच्या हवाली करा. आमच्याकडे खटला होईल."

"आमच्या हद्दीत धरली असतील तर?"

"तसं सिद्ध करा की. कुणाच्या रानात धरली, त्या शेतकऱ्याचा जबाब आणा." असं म्हणून त्यांनी बेळगावच्या कॅम्पातल्या आमच्या वरिष्ठांकडे रीतसर मागणीही पाठवली.

सगळी केस या एका मुद्द्यावर येऊन थांबली. फासे ओढ्यापलीकडे लावले असतील तर पारधी संस्थानचा गुन्हेगार, त्याला हवाली करावं लागणार. ओढ्याअलीकडे कुणा शेतकऱ्याने आपलं पीक वाचवायला त्याला बोलावलं असेल, तर गुन्हाच नाही. शेतकऱ्यालाही काही नाही आणि पारध्यालाही काही नाही. हवं होतं ते एवढंच, की एका शेतकऱ्याने पुढे येऊन सांगावं: होय, मीच याला बोलावलं.

मी पारध्याला कोठडीतून बाहेर काढून समोर बसवलं. उंच, सडपातळ, नजर सतत दारातून दिसणाऱ्या चिंचेकडे.

"हरणं कुठं धरली?"

"रानात धरली सायेब. आल्याडच्या रानात."

"कुणाच्या?"

"ते इचारू नका."

जमादारांनी आवाज चढवला. मी त्यांना थांबवलं आणि कायदा काय आहे ते त्याला नीट समजावलं. नाव घेतलंस तर सुटशील, नाही घेतलंस तर ओढ्यापलीकडे जाशील. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"ज्यानं बोलावलं त्यानं सांगितलंय, नाव कुठं काढू नको म्हणून. मी व्हय म्हटलंय."

"अरे, तुझ्यावर बेतलंय आता!"

"आणि मी नाव घेतलं आणि त्यो न्हाय म्हटला तर? मग मी चोरबी ठरलो आणि खोटाबी ठरलो. पारध्याचं व्हय आणि शेतकऱ्याचं न्हाय. तुमी कुणाचं खरं धरणार, सायेब?"

 त्याने पाणी मागितलं, बायकोलाही द्या म्हणाला. चौकशी तिथेच थांबली.

गावात चौकशी केली तर सगळ्यांची तोंडं शिवलेली. पाटील म्हणाले, "आमी समदी तंबाकूवाली, सायेब. आमाला हरणाचं काय?" ते खोटंही नव्हतं. पण बोलता बोलता त्यांची नजर ओढ्याच्या दिशेने गेली आणि पटकन परत आली. चौकशीत माणसाच्या तोंडाकडे सगळेच बघतात. मी पुढे पुढे डोळ्यांकडे बघायला शिकलो होतो.

मी एकटाच ओढ्याकाठाने चालत निघालो. काठाकाठाने तंबाखूची रानं, कुठेही कुंपण नाही, कारण गरजच नाही. मग अण्णांचं रान लागलं. चारी बाजूंनी बाभळीच्या वाळक्या काट्यांचं छातीएवढं कुंपण, हाताने दाबून बसवलेलं, कुठे सशाला शिरायला जागा नाही. आणि ओढ्याकडच्या बाजूला त्या भक्कम कुंपणात एक खिंडार. तुटून पडलेलं नव्हे, मुद्दाम केलेलं. काट्याचे झाप आतल्या बाजूने उचलून एकावर एक व्यवस्थित रचून ठेवलेले. खिंडाराच्या आत, जोंधळ्याच्या पहिल्या ओळीपाशी, खुंट्या ठोकून काढल्याची भोकं ओळीने दिसत होती. ओल्या मातीत खुरांची दाटी उमटली होती.

हे सगळं होतंच. पण मी थबकलो ते वेगळ्याच गोष्टीपाशी. खिंडारातली वाट झाडलेली होती. खराट्याचे फराटे मातीत स्पष्ट दिसत होते. झाप उचलताना बारीक काटे गळतात, ते कुणीतरी झाडून एका कडेला लोटले होते. हरणांच्या खुरांत काटा मोडू नये म्हणून. पुढे फासे लावलेले होते आणि तिथवरची वाट झाडून दिली होती. साऱ्या पंचक्रोशीत असा माणूस एकच होता.

अण्णा रानातच होते. मला तिथे उभा पाहिल्यावर त्यांनी हातातलं खुरपं खाली ठेवलं आणि बांधावर बसले. मी काही विचारलंच नाही. तेच बोलू लागले.

"तीन सालं रान खाल्लं, सायेब. तंबाकू लावायची न्हाय, दगूड मारायचा न्हाय, कुंपान घातलं तरी वरनं उडी मारून येत्यात. मग करायचं काय? ह्यो पारधी आला. मी म्हटलं, बाबा रं, जित्ती धर आणि खानापूरच्या जंगलात नेऊन सोड. जोंधळं देतो तुला. त्यो व्हय म्हटला."

"आणि त्याने सोडली?"

"मला वाटलं सोडत असंल."

"खानापूर कुठे, हे गाव कुठे! पायी माणूस हरीण खांद्यावर घेऊन तिकडे जाईल, अण्णा?"

त्यांनी मान वर केली नाही.

"तुम्ही त्याला कधी विचारलंत? कुठे सोडलं, कसं सोडलं?"

"न्हाय."

"कधीच नाही?"

"सांजचं झाप बाजूला करायचो, वाट झाडायचो आणि घराकडं जायचो. दिवस मावळायच्या आत जेवायचं असतंय. सकाळी कायबी दिसायचं न्हाय. बरं वाटायचं." आणि मग फार हळू म्हणाले, "इचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं की. म्हणून इचारलं न्हाय."

पुढचं त्यांच्याच तोंडून कळलं. आक्का, म्हणजे त्यांची बायको, पारधिणीला ताक द्यायला म्हणून पालावर गेली आणि कातडी पाहून परत आली. ती घरात रडायला लागली तेव्हा अण्णांना न विचारण्याची सोय उरली नाही. पाप थांबवायला म्हणून ते माझ्याकडे आले. पारध्याला नुसतं हाकलून देतील अशी त्यांची समजूत. संस्थान मध्ये पडेल हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं.

मला खरं तर आनंद झाला. केस सुटली होती. मी म्हटलं, "अण्णा, तुमच्यावर काही गुन्हा नाही. उद्या पंच घेऊन येतो. खिंडाराचा पंचनामा करू, तुमचा जबाब घेऊ. तो संध्याकाळी सुटेल."

"पंचांम्होरं सांगायचं?"

"सांगावंच लागेल."

"बस्तीत पर्व बसलंय, सायेब. सकाळ-सांज शास्त्र वाचायला मी बसतो. दहा दिवस उपास करणाऱ्या बाया माझ्या पाया पडत्यात."

"तो माणूस तुमच्या शब्दावर आत बसलाय."

त्यांनी डोळे मिटून मान हलवली. मी ती होकाराची समजलो.

दुसऱ्या सकाळी पाटील आणि दोन पंच घेऊन मी रानात गेलो. खिंडार नव्हतं. त्या जागी बाभळीचा काटा दाबून बसवलेला होता. सगळं कुंपण वाळून राखाडी पडलेलं आणि मधला तेवढा तुकडा हिरवागार, पालासुद्धा कोमेजलेला नाही. खुंट्यांची भोकं खुरप्याने मोडली होती. अण्णा बाजूला उभे होते, आंघोळ करून, स्वच्छ धोतर नेसून.

मी पंचांना म्हटलं, "हा काटा ताजा आहे. बघा आणि तसं लिहा."

एका पंचाने काट्याकडे बघितलं, मग अण्णांकडे, मग आभाळाकडे. "पावसाळा हाय सायेब. पावसाळ्यात काटंबी हिरवं व्हत्यात."

दुसऱ्याने मान डोलावली. पाटील खाकरले. तोडलेला काटा पावसाने पुन्हा हिरवा होतो हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होतो, आणि ऐकवणाराही शेतकरीच होता. दुसरा प्रसंग असता तर मी हसलो असतो.

"अण्णा," मी म्हटलं, "तुम्ही या पारध्याला बोलावलं होतं का?"

त्यांचे ओठ हलले. पलीकडे बस्तीतली घंटा वाजत होती. "मला कायबी म्हाईत न्हाय," ते म्हणाले.

मी पुन्हा विचारलं. मग बाजूला घेऊन विचारलं, धाक दाखवला, अक्षरशः हात जोडले. त्यांनी तेच वाक्य तीनदा म्हटलं, दर वेळी आधीपेक्षा लहान आवाजात. घराकडे जाऊन आक्कांना विचारलं तर त्या दाराआडून म्हणाल्या, "धन्यानं न्हाय म्हटल्यावर मी व्हय कसं म्हणू, फौजदारसायेब?" आणि दार लावून घेतलं. मी जे डोळ्यांनी पाहिलं होतं त्याचा अहवाल लिहून वर पाठवला. त्यावर शेरा आला की पंचांचा आधार नसलेली फौजदाराची वैयक्तिक समजूत विचारात घेता येत नाही. सोबत हवाली करण्याचा हुकूम.

ज्या दिवशी पारध्याला न्यायचं होतं त्या दिवशी बेडी घालताना मला त्याच्या तोंडाकडे बघवेना. ओढ्याची वाट अण्णांच्या रानावरूनच जाते. तमाशा बघायला बरीच माणसं जमली होती आणि त्यांच्यात अण्णाही होते. घरात बसून राहणं अधिक दिसून आलं असतं, म्हणून आले असावेत. पारध्याने चालता चालता कुंपणाकडे पाहिलं. हिरवा तुकडा त्याच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. तो जागेवर थांबला. आता हा नाव घेणार असं मला वाटलं, आणि खरं सांगतो, घ्यावं असंच वाटलं. 

"अण्णा," पारधी म्हणाला, गावात आलेला कुणीही परका माणूस हाक मारील तसा, "माझी बाई हितंच हाय. तेवढी तिला गायरानात बसू द्या. मी येस्तवर."

अण्णांनी मान हलवली. आदल्या वेळी माझ्यापुढे हलवली होती तशीच.

हद्दीच्या दगडापाशी कारभाऱ्यांची माणसं उभी होती. मी पारध्याची दोरी माझ्या हाताने त्यांच्या हातात दिली आणि पोच घेतली. नोकरीत मी कितीतरी माणसं पुढच्या ठाण्याच्या ताब्यात दिली. खरं काय ते पुरतं माहीत असताना दिलेलं तेवढं एकच, आणि त्याची लाज मला खात्याचा पोशाख उतरवल्यावरही सोडून गेली नाही.

दोन दिवसांत गावाने पारधिणीचं पाल उठवलं. एकटी बाई, त्यातून पारधीण, गावाला नको होती. मला कळून मी शिपाई पाठवेपर्यंत गायरानात चुलीचे दगड तेवढे उरले होते. त्या दगडांपाशी कुणीतरी जोंधळ्याचं गाठोडं ठेवून गेलं होतं. ते आक्कांचं होतं असं जमादारांचं म्हणणं. पण ते घ्यायला तिथे कुणी नव्हतं. अण्णा त्या दिवशी बस्तीत होते.

पर्व संपलं की जैनांमध्ये क्षमावणीचा दिवस असतो. सगळे एकमेकांच्या घरी जाऊन वर्षभराच्या चुकांची क्षमा मागतात. त्या दिवशी अण्णा ठाण्यात आले आणि माझ्यापुढे हात जोडून उभे राहिले. "काय चुकलं असंल तर क्षमा करा, सायेब."

मी म्हटलं, "माझ्या बाबतीत तुमचं काही चुकलं नाही, अण्णा. ज्याच्या बाबतीत चुकलं त्याची क्षमा मागा." मी मधल्या दिवसांत रजा काढून संस्थानच्या गावी जाऊन आलो होतो. तुरुंगाच्या दारातून मला परत फिरवलं, इंग्रजी फौजदाराचं इथे काम नाही म्हणून. पण तो आत आहे आणि दगड फोडतो आहे, एवढं पहारेकऱ्याकडून कळलं होतं. ते मी अण्णांना सांगितलं. "एका दिवसाची वाट आहे. तुम्ही जाऊन खरं सांगितलंत तर तो अजूनही सुटेल."

"सुगी झाली की जातो," ते म्हणाले.

सुगी झाली. मी आठवण पाठवली, उत्तर आलं नाही. मग माझी बदली झाली. संस्थानला मी दोन वेळा लिहिलं, तर हा आमचा अंतर्गत मामला आहे असा जबाब आला. त्या माणसाचं पुढे काय झालं, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

त्या रानावरून पुन्हा गेलो तो महायुद्ध संपल्यावर. इंग्रज जाणार हे तेव्हा नक्की झालं होतं. कामानिमित्त मी निपाणीकडून येत होतो, मुद्दाम ओढ्याच्या वाटेने वळलो. अण्णांचं कुंपण तसंच होतं, भक्कम, आणि ओढ्याकडच्या बाजूला खिंडार उघडं होतं. आतला जोंधळा निम्मा खाल्लेला, तुडवलेला. कुठे फासे नव्हते, गोफण नव्हती, माळा नव्हता. खिंडारातली वाट झाडलेली होती.

आक्का बांधावर होत्या. मला ओळखून उठल्या. "रोज झाडत्यात," म्हणाल्या. "हिवाळा न्हाय, पावसाळा न्हाय. अंगात ताप असला तरी येत्यात."

अण्णा आले. पार वाकले होते. आम्ही बोलतो आहोत तोवर परगावची दोन माणसं वाटेने आली, त्यांनी वहाणा काढून अण्णांच्या पायांना हात लावला. त्यातला एक मला सांगू लागला, "हे देवमाणूस हाय बघा, सायेब. आपलं रान हरणांस्नी मोकळं सोडलंय. असा माणूस कुठं बघाय मिळायचा न्हाय." ती माणसं गेली तरी अण्णा पायांकडेच बघत होते.

"रोज कोण तरी येतंय," ते म्हणाले. "पाया पडतंय. मला सोसंना झालंय. मी न्हाय म्हटलं तर त्यास्नी त्यो विनय वाटतोय. तुमाला समदं म्हाईत हाय. तुमी तरी सांगा की ह्यास्नी."

"तुम्ही त्याच्याकडे गेला होतात का, अण्णा?"

ते उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळू लागले.

"मग मी काय सांगू? जबाब ज्याचा त्यानंच द्यायचा असतो."

त्यांनी मान हलवली, तिसऱ्यांदा. मग गुडघ्यावर हात टेकून वाकले, वाटेतला एक काटा उचलला आणि कुंपणाच्या कडेला टाकला.

माणूस शिक्षेच्या भीतीने खोटं बोलतो असं आम्हाला खात्यात शिकवलं होतं. या केसने मला वेगळं शिकवलं. अण्णांना कसलीच शिक्षा होणार नव्हती, दंडसुद्धा नाही. चार माणसांत मान खाली जाईल एवढ्याच भीतीपोटी त्यांनी दुसऱ्याचं आयुष्य ओढ्यापलीकडे जाऊ दिलं. आणि ते वाईट नव्हते, हेच मला अजून छळतं. हरणांचं देणं ते मरेपर्यंत फेडत राहिले. माणसाचं फेडायला एका दिवसाची वाट त्यांना चालवली नाही. पुढे चौकशी करताना मी प्रत्येकाला 'काय केलंस' याच्याआधी 'काय विचारायचं टाळलंस' ते विचारू लागलो. बरेच गुन्हे त्यातून उलगडले. हा मात्र उलगडूनही तसाच राहिला.

अण्णा गेले, आक्का गेल्या. आता खरं सांगायला हरकत नाही असं मुलं म्हणतात, आणि म्हणून हे लिहिलं. पण लिहिताना गावाचं नाव घातलं नाही आणि अण्णांचंही नाही. ते त्या पारध्याने शेवटपर्यंत घेतलं नव्हतं.